एक टाकी, दोन फायली

डोंबिवली, तारापूर, तळोजा, लोटे. यांपैकी कुठल्याही रासायनिक पट्ट्यात एखाद्या मालकाच्या केबिनमध्ये बसा. पाठीमागच्या कपाटात दोन फायली हमखास दिसतात. एकीवर ‘प्रदूषण मंडळ’ लिहिलेलं असतं, दुसरीवर ‘सेफ्टी’. दोन्हींचे सल्लागार वेगळे, तपासायला येणारे अधिकारी वेगळे, त्यांची खाती वेगळी. कारखान्यातलं रसायन मात्र एकच असतं, आणि आपण कुठल्या फायलीत मोडतो याची त्याला फिकीर नसते.

खालचा संवाद कल्पित आहे. माणसं दोन. एक शेठ, वडिलांनी डोंबिवली एमआयडीसीत काढलेला डाय इंटरमिजिएटचा कारखाना चालवणारे, स्वतः केमिकल इंजिनिअर. कामगार साठ, त्यातले निम्मे ठेकेदाराचे. दुसरे तात्या, एका मोठ्या कंपनीतून निवृत्त झालेले, तिथल्या युनियनचे एकेकाळचे सेक्रेटरी, आता इथे ईटीपी, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया केंद्र, सांभाळणारे. मे महिना आहे. पावसाळ्याआधी इक्वलायझेशन टाकीतला गाळ काढायचाय. रविवारी ठेकेदाराची तीन माणसं येणार होती आणि तात्यांनी टाकीत उतरण्याच्या परमिटवर सही करायला नकार दिलाय.

शेठ : तात्या, परमिट अडवलंत म्हणे. रविवार गेला की आठ दिवस गेले. पहिल्या पावसात टाकी भरून नाल्याला लागली तर मंडळाची नोटीस मला येणार, तुम्हाला नाही.

तात्या : नोटीस तुम्हालाच येणार, मान्य. पण आत माणूस पडला तर तो माझ्या सहीवर पडला असं होईल. हे बघा परमिट. गॅस टेस्टच्या रकान्यात ‘ओके’ टाइप करूनच आणलंय. टाकीचं झाकण अजून उघडलेलंसुद्धा नाही.

शेठ : तो फॉरमॅट आहे हो, सल्लागाराने दिलेला. आणि दरवर्षी हीच टाकी साफ होते. आजवर काही झालंय का?

तात्या : आजवर ब्लोअर रात्रीही चालायचा. दिवाळीनंतर तुम्ही रात्री दहा ते सकाळी सहा बंद करायला सांगितलंत.

शेठ : त्याचा इथे काय संबंध? विजेचं बिल बघा एकदा. ब्लोअर म्हणजे पाणी ढवळायला. ते सकाळी ढवळलं काय नि रात्री ढवळलं काय.

तात्या : संबंध तोच तर आहे. हवा बंद झाली की गाळ तळाला बसतो आणि तिथे कुजतो. हवेवाचून जगणारे जिवाणू पाण्यातलं सल्फेट खातात आणि हायड्रोजन सल्फाईड सोडतात. वर आपल्याकडे रिडक्शनचं सोडियम सल्फाईडवालं पाणी याच टाकीत येतं. आणि दोन महिन्यांपूर्वी तुमच्या नव्या केमिस्टने ॲसिड वॉशची लाइनही तिथेच जोडली. सल्फाईडवर ॲसिड पडलं की काय निघतं ते तुम्ही कॉलेजात शिकलात, मी टाकीवर उभं राहून शिकलो.

शेठ : वास आला असता की. सडक्या अंड्यांसारखा वास येतो, कोणालाही कळतो.

तात्या : थोडा असला की येतो. जास्त झाला की नाकच मरतं. माणसाला वाटतं, चला, वास गेला, आता उतरू.

इथे दोघांना जरा थांबवतो. तात्या म्हणतात त्यात अतिशयोक्ती नाही. हवेच्या दहा लाख भागांत या वायूचा शंभरावा भाग असला तरी बहुतेकांना वास येतो. तो शंभर भागांवर गेला की काही मिनिटांत वासाची जाणीव बधिर होते. पाचशे-सातशेवर माणूस शुद्ध हरपून कोसळतो आणि हजाराच्या आसपास एक-दोन श्वासांत खेळ संपतो. शिवाय हा वायू हवेपेक्षा जड, त्यामुळे तळाशी साठून राहतो. मॅनहोलपाशी वाकून मीटर धरला तर आकडा शून्य येऊ शकतो. म्हणून मीटरची नळी दोरीने खाली सोडून वर, मध्ये आणि तळाशी अशी तीन ठिकाणी नोंद घ्यायची असते. आधी गाळ काठीने ढवळायचा, कारण वायू त्याच्या पोटात अडकलेला असतो आणि पहिलं फावडं पडल्यावर सुटतो. म्हणजे झाकण उघडताना सुरक्षित असलेली टाकी काम सुरू झाल्यावर दहा मिनिटांत जीवघेणी होते. माणूस आत असेतो मीटर त्याच्या छातीवर चालू हवा, तो यासाठी. आपल्याकडे असल्या टाक्यांच्या बातम्या एकाच साच्यातल्या असतात: एक उतरला, बाहेर आला नाही, त्याला काढायला दुसरा गेला, मग तिसरा. मेलेल्यांत वाचवायला गेलेले पुष्कळ असतात, आणि ते सहसा भाऊ, गाववाले किंवा एकाच खोलीत राहणारे असतात.

शेठ : बरं, मग मास्क देऊ. स्टोअरला पडलेत. मी पीपीईत कधी हात आखडता घेतलेला नाही, तात्या. हेल्मेट, गॉगल, गमबूट, सगळं दिलंय. घालत कोण नाही? तुमचीच माणसं. बेल्ट कमरेला आणि हूक हवेत लोंबतोय. मी काय प्रत्येकामागे उभा राहू?

तात्या : मास्क कुठला? स्टोअरमधला धुळीचा आहे, तो वायूला चाळणी. कॅनिस्टरवाला घेतलात तरी तो हवा गाळतो, ऑक्सिजन तयार करत नाही. टाकीत ऑक्सिजनच कमी असेल तर काय गाळणार? तिथे बाहेरून नळीने हवा लागते, नाहीतर पाठीवर सिलिंडर. आणि हूक लोंबतोय म्हणता, तर अडकवायला वर काही आहे का? तिपाई नाही, दोर ओढायला माणूस नाही. अडकवणार कशात, आभाळात?

शेठ : पण घालत नाहीत हे खरं की नाही?

तात्या : खरं आहे. आणि याचं थोडं पाप आमच्या युनियनवाल्यांवरही आहे. आम्ही वर्षानुवर्षं धोका भत्ता वाढवून मागितला. धोका कमी करा म्हणून क्वचितच भांडलो. भत्ता लागू झाला की धोका टिकावा असंच कामगाराला वाटू लागतं. एकदा आमच्या कंपनीने एक ॲसिडची लाइन बंद नळीची केली, हाताने ओतणं गेलं, भत्ताही गेला. आम्ही गेटवर सभा घेतली त्याविरुद्ध.

हा कबुलीजबाब महाराष्ट्रातल्या कामगार चळवळीच्या इतिहासात सहसा सापडत नाही. शेठनी त्याचा फायदा घ्यायचं ठरवलं असावं.

शेठ : तेच म्हणतोय मी. सगळी जबाबदारी मालकावर. माझं ऐका आता. जूनअखेर घातक कचऱ्याचं वार्षिक विवरण. सप्टेंबरअखेर पर्यावरण निवेदन. कन्सेंटचं नूतनीकरण. गाळाचे ड्रम नव्वद दिवसांत तळोज्याला गेले पाहिजेत, त्याचा मॅनिफेस्ट. इकडे ऑनसाइट इमर्जन्सी प्लॅन, सेफ्टी ऑडिट, मॉकड्रिल, कामगारांची मेडिकल. चार मार्चला झेंडा, शपथ, घोषवाक्य स्पर्धा. एवढं सगळं करतो. मंडळाचा माणूस येतो, बाहेर पडणाऱ्या पाण्याचा नमुना घेतो, पीएच आणि सीओडी बघतो. फॅक्टरी इन्स्पेक्टर येतो, प्रेशर व्हेसलची सर्टिफिकेटं, होइस्ट, गार्ड बघतो. आजवर एकानेही मला विचारलं नाही की टाकीत माणूस कसा उतरवता.

तात्या : कारण टाकी मंडळाची आणि माणूस इन्स्पेक्टरचा.

शेठ : मग मी काय करू? दोन खाती सरकारने केली, मी नाही.

तात्या : तुम्ही निदान तुमच्या कारखान्यात दोन करू नका. ब्लोअर रात्री बंद करायचा निर्णय कुठे झाला? वीजबिलाच्या मीटिंगमध्ये. मी नव्हतो. ॲसिडची लाइन कुठे ठरली? प्रॉडक्शनच्या मीटिंगमध्ये. मी नव्हतो. मंडळाची गाडी दिवसा येते, ब्लोअर दिवसा चालतो, नमुना पास होतो. पर्यावरणाच्या फायलीत सगळं छान. आणि त्याच वाचवलेल्या विजेचा वायू होऊन तो सेफ्टीच्या फायलीतल्या माणसाची वाट बघत बसलाय. भोपाळला त्या रात्री काय काय बंद होतं ते आठवा. टाकी थंड ठेवणारं रेफ्रिजरेशन खर्च वाचवायला महिनोन् महिने बंद. वायू धुणारा स्क्रबर स्टँडबायवर. वायू जाळणाऱ्या फ्लेअर टॉवरचा पाइप दुरुस्तीला काढलेला. स्क्रबर नि फ्लेअर ही प्रदूषणाचीच यंत्रं ना?

शेठ : प्रत्येक गोष्टीला भोपाळ आणू नका. तिथे चाळीस टन मिथाइल आयसोसायनेट होतं. माझ्या अख्ख्या प्लॉटवर तेवढं पाणी नसतं.

तात्या : मग डोंबिवली घ्या. २०१६ सालचा २६ मे, २०२४ सालचा २३ मे. ते तर लहानच कारखाने होते.

२०१६ च्या स्फोटात बारा माणसं गेली, दीडशेहून अधिक जखमी झाली. २०२४ मध्ये रिॲक्टर फुटला आणि पुन्हा दहाहून अधिक माणसं गेली. दोन्ही वेळा आसपासच्या इमारतींच्या काचांचा सडा पडला, दोन्ही वेळा स्थलांतराची चर्चा झाली. मधल्या काळात, फेब्रुवारी २०२० मध्ये, याच वसाहतीतला एक रस्ता रसायनामुळे गुलाबी झाला आणि तेव्हाचे मुख्यमंत्री पाहणीला आले. लोकांच्या आठवणीत या तीन वेगळ्या घटना आहेत: दोन अपघात आणि एक प्रदूषण. ज्या शिस्तीअभावी रंग रस्त्यावर येतो, तिच्याच अभावी रिॲक्टरही हाताबाहेर जातो, असं मला वाटतं. रस्ता गुलाबी होतो तेव्हा निदान कोणी मेलेलं नसतं. ती फुकट मिळालेली सूचना असते.

शेठ : आता लोकवस्तीवरून बोलू नका हं. बाबांनी प्लॉट घेतला तेव्हा मागे भातशेती होती. इमारतींना परवानग्या मी दिल्या नाहीत. बफर झोन कागदावर राहिला तो माझ्यामुळे नाही. आज तेच लोक म्हणतात कारखाने हलवा.

तात्या : यात तुमचं बरोबर आहे. पण त्यामुळे तुमची हवा त्यांच्या घरात जायची थांबत नाही. तो मागच्या भिंतीचा एक्झॉस्ट घ्या.

शेठ : तो तर सेफ्टी ऑडिटरच्या सांगण्यावरून बसवला! आत सॉल्व्हंटचा वास कमी झाला, रिपोर्ट चांगला आला.

तात्या : आतला कमी झाला, कारण तो बाहेर फेकला. मागच्या सोसायटीने मंडळाकडे तक्रार केली. मग पर्यावरण सल्लागाराने काय सांगितलं? एक्झॉस्ट बंद ठेवा. आता वास पुन्हा आत. दोन सल्लागार, दोन बिलं, आणि सॉल्व्हंट भिंतीच्या अलीकडून पलीकडे ये-जा करतोय. सेंट्रिफ्यूजचं झाकण नीट बसेल असं करा, कंडेन्सरमध्ये थंड पाणी सोडा, वाफ मुळात बाहेरच पडणार नाही. सॉल्व्हंट परत मिळेल तो वेगळाच.

हा एक्झॉस्टचा मुद्दा लहान वाटतो, पण दोन फायलींची गोष्ट त्यात अख्खी आहे. याचं मोठ्या मापाचं उदाहरण युरोपात घडलं. १ नोव्हेंबर १९८६ ला स्वित्झर्लंडमध्ये बाझल शहराजवळ सँडोझ कंपनीच्या रसायनांच्या गोदामाला आग लागली. अग्निशमन दलाने पाण्याचा मारा करून ती विझवली. सुरक्षेच्या दृष्टीने कामगिरी फत्ते. पण ते पाणी अडवून ठेवायला पुरेसं कुंड नव्हतं. कीटकनाशकं आणि लाल रंग घेऊन ते थेट ऱ्हाईन नदीत गेलं. नदी लाल झाली आणि पुढे शेकडो किलोमीटरपर्यंत वाम मासे मेले. आपल्या एमआयडीसीत आगीचं पाणी कुठे जातं? बहुतेक ठिकाणी पावसाच्या गटारात, तिथून नाल्यात, नाल्यातून खाडीत. तारापूरच्या खाड्यांसाठी मासेमारी करणाऱ्या मांगेला समाजाच्या परिषदेला हरित लवादाकडे जावं लागलं ते आगीमुळे नव्हे, रोजच्या सांडपाण्यामुळे. कारखान्यातली चूक शेवटी कोळ्याच्या जाळ्यात येते.

शेठ : तुमचं म्हणणं पटलं तरी आकडे पटत नाहीत, तात्या. गुजरातचा माल किलोमागे स्वस्त येतो. गिऱ्हाईक माझा ब्लोअर रात्री चालतो का विचारत नाही, भाव विचारतो. मोठ्या कंपन्यांना परवडतं, त्यांचे सेफ्टी ऑफिसरच दहा असतात.

तात्या : सगळंच महाग नसतं. चार वायूंचा मीटर तुमच्या हातातल्या फोनपेक्षा महाग नाही. ॲसिडची लाइन वेगळी करून आधी न्यूट्रल करायला एक जुनी टाकी नि दोन दिवसांचं वेल्डिंग. आणि गाळ काढायला माणूस उतरवायचाच कशाला? व्हॅक्यूम टँकर लावा, वरून पाण्याचा जेट मारा, पाइपने खेचा.

शेठ : टँकरवाला किती मागतो ठाऊक आहे? ठेकेदार तीन माणसांत निम्म्यात करून देतो.

तात्या : निम्म्यात देतो, कारण त्याची माणसं परवा गावाहून आलीत. त्यांना टाकीत काय आहे हे कोणी सांगितलेलं नाही. त्यातला एक तर मला म्हणाला, पाणीच आहे ना? तुमच्या फायलीत त्यांची नावंसुद्धा नाहीत. मीटर, तिपाई, हवेची नळी, बाहेर उभा राहणारा माणूस, हे सगळं ठेकेदाराच्या भावात धरा. मग बघू टँकर महाग का वाटतो.

कायदा या बाबतीत जुना आणि स्पष्ट आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाचं ३६ वं कलम सांगत होतं की, घातक वायू असू शकेल अशा टाकीत माणूस दोनच प्रकारे उतरेल: सक्षम व्यक्तीने स्वतः चाचणी करून लेखी दाखला दिला असेल तर, किंवा श्वसनयंत्र लावून आणि कमरेच्या पट्ट्याचा दोर बाहेरच्या माणसाच्या हातात असेल तर. टाइप केलेलं ‘ओके’ यात कुठेच बसत नाही. भोपाळनंतर, १९८७ च्या दुरुस्तीने, घातक प्रक्रियांच्या कारखान्यांत कामगारांचा समावेश असलेली सुरक्षा समिती आली. समोर धोका दिसला तर तो व्यवस्थापनाच्या आणि त्याच वेळी निरीक्षकाच्याही नजरेस आणून देण्याचा अधिकार कामगाराला मिळाला. हा अधिकार वापरल्याचं ऐकिवात फारसं येत नाही. ठेकेदाराच्या माणसाने तो वापरला तर दुसऱ्या दिवशी त्याला गेटवरून परत पाठवायला एक फोन पुरतो. आता या अधिनियमाची जागा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात मोफत वार्षिक आरोग्य तपासणीसारख्या चांगल्या तरतुदी आहेत. पण विजेवर चालणाऱ्या जागेला ‘कारखाना’ म्हणायला पूर्वी दहा कामगार पुरत, आता वीस लागतात. टाकीतल्या वायूला ही मर्यादा कोणी कळवलेली नाही.

शेठ : ठीक आहे. या वेळेला टँकर मागवा. रविवारी नाही, शनिवारीच. ॲसिडची लाइन सोमवारी बघू. त्या केमिस्टला मी बोलतो.

तात्या : बोलू नका, टाकीवर घेऊन या. मी दाखवतो.

शेठ : पण ब्लोअर रात्री चालवायचं मी आज कबूल करत नाही. महिन्याचा हिशेब बघितल्याशिवाय नाही.

तात्या : मग मीही एक कबूल करत नाही. ब्लोअर रात्री बंद राहील तोवर या टाकीच्या परमिटवर माझी सही मिळणार नाही. दुसरा कोणी सक्षम असेल तर त्याची घ्या.

शेठ : हा दम आहे?

तात्या : नाही हो. परमिटवर रकाना आहे तो.

दोघांचा तंटा इथे मिटलेला नाही आणि मीही तो मिटवणार नाही. शेठचं एक म्हणणं मी मान्य करतो: लहान कारखानदाराला दोन खाती, दोन सल्लागार आणि डझनभर विवरणं यांत फिरवत ठेवायचं आणि टाकीबद्दल एकाही अधिकाऱ्याने विचारायचं नाही, ही सरकारी व्यवस्था निकामी आहे. मंडळाचा आणि औद्योगिक सुरक्षा संचालनालयाचा माणूस वर्षातून निदान एकदा एकत्र, एकाच वेळी, ईटीपीवर उभा राहिला पाहिजे. पण ब्लोअरच्या बाबतीत माझा कौल तात्यांना आहे. जी यंत्रणा फक्त नमुना घेण्यापुरती चालते ती ना नाल्याला वाचवते, ना माणसाला. तिचा खर्च वाचला असं म्हणणारा हिशेब अर्धाच लिहिलेला आहे.

तुमच्या कारखान्यात ईटीपी असेल, तुम्ही मालक असा, केमिस्ट असा की ठेकेदाराकडून आलेले हेल्पर, तर पावसाळ्याच्या आत एवढं करा. टाकीत शेवटचा माणूस कधी उतरला ते विचारा आणि त्या दिवसाचं परमिट मागा. वायूच्या आकड्यांच्या जागी ‘ओके’ दिसलं किंवा परमिटच सापडलं नाही, तर टाकीचं झाकण बंद करून कुलूप लावा आणि व्हॅक्यूम टँकरवाल्याला फोन करा.